पान उन्हाला धरणारी

केळीचं पान ती आधी उन्हाला धरायची, एक डोळा मिटून. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं, की पान शेळीपुढे. "हे खायाचं," म्हणायची आणि दुसरं उचलायची, "हे बांधाचं."

अमरावतीच्या कापूस बाजारामागे तिचा मळा. सारे तिला मावशी म्हणत, जखम बांधायला तिच्याकडेच येत. तिचा आवाज ऐकून बाजारातले बैल कान टवकारायचे.

सातासमुद्रापार कुठं लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हाची ही गोष्ट. अकोल्याहून गाडी आणताना चाकाच्या लोखंडी धावेनं माझी नडगी सोलून काढली. मी शहाण्यानं पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस जखमेत कोंबला. विलायतेचे साहेब ज्याच्यासाठी जीव टाकतात, तो माझ्या पायाला पुरणार नाही? रोज सकाळी तो ओढून काढायचा, रक्त पुसायचं, नवा कोंबायचा.

पावसाळा लागला तरी जखम ओलीच. पोळा तोंडावर आला. आपली जोडी आपणच तोरणाखाली न्यायची असते. माझी न्यायला मेहुणा नवा फेटा घेऊन तयार. "तुमी खाटेवरून पाहा, भाऊजी," म्हणाला. ते जखमेहून झोंबलं. बायकोनं मला गाडीत घालून मावशीकडे नेलं.

"कावून रे बापू, गादी भरून राह्यला का?" मावशीनं कापूस भिजवून हळूच सोडवला. "नवी कातडी येते, अन् तू रोज उपटतं."

कडुनिंबाच्या पाण्यानं जखम धुतली. उकळत्या पाण्यातून काढून निववलेलं कोवळं पान ठेवलं, वर जुन्या लुगड्याची पट्टी. पान चिकटत नाही, कोरडंही पडू देत नाही. रोज घरी येऊन ती नवं बांधायची.

पण आपल्याकडची माणसं तुम्ही जाणताच. दुखणाईताला भेटायला आलेला माणूस जखम पाहिल्याशिवाय उठत नाही. मीही हौसेनं पान उचलून दाखवायचो. मावशीनं एकदा पाहिलं आणि दारातच ठाण मांडलं. "जखम का नवी नवरी हाय, घडीघडी तोंड पाह्याले?" मेहुणा अंगणातूनच परतला.

कडेनं गुलाबी कातडी धरत आली. पोळ्याच्या सकाळी मावशीनं शेवटचं पान सोडलं, नडगीवरून बोट फिरवलं. "जाय. लंगडला तर माझं नाव सांगू नोको."

लंगडलो नाही. तोरणाखालून अशा ऐटीत गेलो, की बैलांनाच लाज वाटली असेल. मेहुणा मागून झूल सावरत होता. गर्दीतून तो आवाज आला, "तो पाय माझा हाय!"

पुढे काही वर्षांनी मावशी गेली. मळ्याच्या जागी सरकीची वखार झाली. तिनं दिलेली केळ मात्र माझ्या विहिरीपाशी आहे. पोळ्याला पान कापलं, की मी ते उन्हाला धरतो, एक डोळा मिटून.

बायको पुरणपोळी घेऊन उभी असते. "वाढाचं हाय, बांधाचं नाही. द्या इकडे."