मेलेल्यांतली धाकटी

चाळीस वर्षं धाकटी आपल्या थोरल्या जावेवर जळत होती, आणि तेही इस्त्रीच्या टेबलामागे उभं राहून. दोघी घरच्याच लाँड्रीत. थोरली गोरी, म्हणून पुढं काउंटरवर, गिऱ्हाइकांशी गोड बोलायला. धाकटी काळी, ती मागं वाफेत. आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ. ही वाटणी सासऱ्यांनी केलेली. "तू वाईट नाहीस गं पोरी," ते म्हणायचे, "पण पुढं जरा उजेड हवा."

तेवढं ती गिळून बसली. सिनेमाचं मात्र घशातच अडकलं.

पस्तीसेक वर्षांपूर्वी गल्लीमागच्या बंद कारखान्यात सिनेमावाले उतरले. अणुबाँब पडतो, शहर खलास होतं, तळघरात लपलेली वीस माणसं तेवढी जगतात, अशी गोष्ट. गर्दीला माणसं हवी होती. टोपीवाल्या एकानं दोघी जावांना शेजारी उभं केलं नि नुसती नजर टाकली.

"तुम्ही वाचलेल्यांत. बाई, तुम्ही मेलेल्यांत."

"का हो? माझं काय चुकलं?"

"राख पांढरी असते. काळ्या अंगावर उठून दिसते."

रस्त्यावर आडवी झाल्यावर धाकटीनं इकडंतिकडं पाहिलं. हमाल, भट्टीवाला, कोळसेवाला, सगळे तिच्याच रंगाचे. "बाँबला बरं कळतं, कुणाला मारायचं ते," भट्टीवाला पुटपुटला. "मढ्यांनी गप्प बसा!" टोपीवाला ओरडला.

सिनेमा गाजला. थोरली त्यात चार सेकंद. बादली घेऊन तळघराच्या पायऱ्या चढते, आभाळाकडं बघते, बस्स. तरी गिऱ्हाइकं कपडे बाजूला ठेवून विचारायची, "तुम्हीच ना त्या?" थोरली लाजायची. आत धाकटीची इस्त्री आपटायची. तिनं सिनेमा कधी पाहिला नाही. स्वतःचं मढं कोण तिकीट काढून बघतं?

आता कॉलेजात तो सिनेमा पुन्हा दाखवणार होते. हयात कलाकार म्हणून थोरलीला निमंत्रण आलं.

"चल की गं सोबतीला," थोरली म्हणाली. "आणि माझी ती निळी साडी जरा नीट कर."

निळ्या कापडावर इस्त्री क्षणभर जास्त टेकवावी, असं धाकटीच्या मनात आलं. पण हात आपोआप उचलला गेला. जावेशी वैर असेल, कापडाशी नव्हतं.

हॉलमध्ये दोघी तिसऱ्या रांगेत बसल्या. तो प्रसंग आला. वाचलेले एकेक करून वर येतात, मढ्यांमधून वाट काढतात. थोरली बादली घेऊन निघते. आणि राखेत पडलेल्या एका बाईचे डोळे टक्क उघडे! थोरली पुढं जाईल तशी त्या मढ्याची मानही वळते. हॉल हसला.

सिनेमा शिकवणाऱ्या बाईंनी चित्र तिथंच थांबवलं. "हसा. पण बघा, वाचलेले सगळे गोरे, मेलेले सगळे काळे. कुणालाच खटकलं नाही. ही एकटी मेलेली बाई तेवढी विचारतेय, मीच का? तीस वर्षं शोधतेय, हिचं नाव कुठंच नाही."

थोरली हळूच म्हणाली, "अगं, ही तर तू! काय खाऊ की गिळू बघतेयस माझ्याकडं!"

"मग कुणाकडं बघू, जाऊबाई?"

"तेव्हापासून?"

"त्याच्याही आधीपासून. काउंटरपासून."

थोरलीनं पदर सारखा केला. मग उठून उभी राहिली. "बाई, ते मढं इथं बसलंय," ती म्हणाली. सगळा हॉल वळला. धाकटीला वर मंचावर नेलं. टाळ्या पडल्या. थोरलीनंही वाजवल्या, जरा हळू.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या दोन पोरी लाँड्रीत आल्या. थोरली सवयीनं लाजायला लागली.

"त्या मेलेल्या बाई आहेत का?"

"आत आहे," थोरली म्हणाली. तोंड कारलं खाल्ल्यासारखं.

धाकटीनं इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि काउंटरशी आली.

"सरका जरा, जाऊबाई. पुढं उजेड हवा, मामंजी म्हणायचे ना?"