एरियल नसलेलं घर

बोलण्याआधी ते पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर टक् टक् करायचे. शेवटचा ठोका जरा जोरात. मग घसा साफ करून म्हणायचे, "सरी," म्हणजे कन्नडमध्ये बरं, "ऐका." आणि पुढे निघायचं ते एवढंच, की टाइपरायटरची रिबन संपली आहे. असा माणूस तुम्हीही कुठल्या तरी ऑफिसात पाहिला असेल. तयारी भाषणाची आणि बोलणं ओळभर.

ते आमच्या गिरणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते, मी कारकून. बंगळुरात चिकपेटच्या मागे आमची गल्ली. तिथे आमच्या परसाला लागून दोन खोल्या घेऊन ते म्हाताऱ्या, आंधळ्या आईबरोबर राहत. ख्रिस्ती होते. ख्रिस्ती माणूस कँटोन्मेंट सोडून पेठेत कशाला आला, हा गल्लीचा पहिला संशय. आई कुणाशीच बोलत नाही, हा दुसरा. ते स्वतः कन्नड आणि इंग्रजी बोलत, तेही हळू. मला 'तम्मा' म्हणत, धाकटा भाऊ म्हणून.

माझी थोरली बहीण, अक्का, परसात धुणं धुता धुता त्यांची रोज झडती घ्यायची, आणि तीही मोठ्याने. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे आमचं मराठी म्हणजे घरातल्या घरातली गुप्त भाषा, अशी आमची समजूत.

"बघ की रे, टायपिस्ट आज अंडी आणलाय. म्हातारीला देतोय की सगळी आपणच खातोय, कुणाला ठाऊक. स्वल्प तरी लाज पाहिजे की नको?"

तेवढ्यात ते भिंतीपलीकडून जात. "काय अक्का, जेवण झालं का?" असं कन्नडमध्ये विचारत. अक्का गोड हसून कन्नडमध्ये म्हणायची, "झालं, झालं. तुमचं?" आणि ते वळले की पुन्हा मराठीत, "चालतोय बघ कसा, चोरावाणी."

एका ईस्टरला त्यांच्या खिडकीतून रेडिओ ऐकू आला. मी कान टवकारले, कारण तो मराठी होता, आणि त्या घरात कुणाला मराठी येत असेल असं आम्हाला कधी वाटलंच नव्हतं.

यात चमकण्यासारखं काय, असं आज वाटेल. त्या काळी ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या छपरावर बांबूला ताणलेली एरियलची तार असायचीच, आणि पोस्टातून काढलेलं लायसन. यांच्या छपरावर कावळ्यालाही बसायला तार नव्हती. शिवाय मुंबई-पुण्याची स्टेशनं आमच्याकडे लागली तर रात्री लागत, तीही खरखरीतून. हे स्टेशन भर दिवसा लागलं होतं आणि खरखर अजिबात नव्हती. आवाज थोडा घुमत होता, इतकंच. सकाळी उपासना, मग गाणी, मग शेतकरी बांधवांसाठी बाजरीवर भाषण, असा संध्याकाळपर्यंत दिवसभराचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सगळं चिडीचूप.

पुढच्या ईस्टरला मी भिंतीला कान लावूनच बसलो. ठोके पडले आणि बातम्या सुरू झाल्या. "नगर जिल्ह्यात आज कडक ऊन आहे. सगुणाबाईंची काळी शेळी व्याली असून दोन्ही करडं सुखरूप आहेत." एवढ्यात निवेदक सणसणीत शिंकला आणि म्हणाला, "क्षमा असावी."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. "शेळीची बातमी देतात होय रे रेडिओवर?"

"खऱ्या रेडिओवर नाही देत," मी म्हणालो.

त्यानंतर चीनची लढाई झाली. सगळीकडे हेरांच्या गोष्टी चालल्या होत्या. काळी शेळी हा सांकेतिक शब्द आणि दोन करडं म्हणजे दोन माणसं, असा अर्थ मी लावला. स्टेशन चोरटं आणि जवळपासच कुठेतरी, म्हणून आवाज स्वच्छ. निवेदक शिंकतो, म्हणजे शिकाऊ. सगळं चोख बसत होतं. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. लायसन तपासणारा इन्स्पेक्टर माझ्या ओळखीचा होता. मी त्याला सांगितलं, "ईस्टरलाच या. एरवी काही सापडणार नाही."

तो पोलीस घेऊन आला, आणि पंच म्हणून मलाच आत नेलं.

खोलीत बाज होती, बाजेवर म्हातारी बसलेली. टेबलावर पितळी पेला आणि पेन्सिल. ते मधोमध उभे होते, तोंडासमोर बिस्किटांचा रिकामा डबा धरून. आम्हाला पाहून त्यांनी डबा खाली केला.

"रेडिओ कुठे आहे?" इन्स्पेक्टरने कन्नडमध्ये विचारलं.

त्यांनी डबा पुढे केला. इन्स्पेक्टरने आत डोकावून पाहिलं, तळ ठोकून पाहिला. पोलिसाने बाजेखाली काठी फिरवली.

"कोण आलंय रे?" म्हातारीने विचारलं. स्वच्छ नगरी मराठीत. "रेडिओ रेडिओ काय म्हणतायत? अहो, रेडिओ कुठला, तो माझा पोरगाच की. रेडिओला कधी शिंक येते होय?"

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळला. "काय म्हणते ती?"

मी कन्नडमध्ये सांगितलं. पोलीस खो खो हसला. म्हणजे टायपिस्टना ते दोनदा ऐकावं लागलं, एकदा आईकडून आणि एकदा माझ्याकडून.

"तुला ठाऊक होतं, आई?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या सालापासनं. तू चालू दे. शेळीचं काय झालं पुढं?"

त्यांनी पेन्सिल उचलली. पेल्यावर ठोके दिले, शेवटचा जोरात. डबा तोंडाशी नेला. मग तो तसाच टेबलावर ठेवला. आई मान कलती करून वाट पाहत राहिली.

दारापर्यंत ते माझ्याबरोबर आले. मी म्हणालो, "तुम्हाला मराठी येतं?"

"आम्ही नगरकडचे, तम्मा." पहिल्यांदाच ते माझ्याशी मराठीत बोलले. "आईला दुसरी भाषा येत नाही. म्हणून सणाच्या दिवशी हा डबा. अक्का धुणं धुवायला आल्या की ती खिडकीशी बसते. या गावात तिला माझ्याशिवाय तेवढंच मराठी ऐकायला मिळतं. मी मराठीत बोललो असतो, तर अक्का सावध झाल्या असत्या."

दाराशी पोलीस आला, एवढं घरमालकाला पुरलं. महिना संपायच्या आत त्यांनी खोल्या सोडल्या. गल्लीत बोभाटा झाला तो असा, की यंत्र सापडलं आणि टायपिस्ट पळाला. आमच्या गल्लीतली जुनी माणसं अजून तसंच सांगतात, आणि मी शेजारी बसून ऐकत आलो. म्हणून हे लिहितो आहे. त्या घरात यंत्र नव्हतं. बिस्किटांचा डबा होता. आणि पोलीस मी आणले होते.

ते निघाले त्या सकाळी अक्का धुण्याचा पिळा हातात घेऊन भिंतीशी उभी होती. हातगाडीवर बसवलेल्या म्हातारीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. "बोला की हो बाई," ती म्हणाली. "आज गप का?"

आता ईस्टरला सून टीव्ही लावते. दिवसभर कार्यक्रम चालतात, निवेदक हसतमुख असतात, चित्र स्वच्छ असतं. मी खुर्ची पुढे ओढून बसतो. तिला वाटतं, मला ऐकू कमी येतं. मी त्यांच्यातलं कुणी शिंकतं का, ते पाहत असतो. अजून कुणी शिंकलेलं नाही.