बायच्या घटस्फोटाचा वकील

मी कॉलेजात गेलो म्हणजे मला कायदा येतो, असा आमच्या तोंडवलीच्या वाडीचा समज होता. खरं तर मी इतिहास शिकत होतो. तरी सुट्टीत घरी आलो की कुणीतरी कुळकायद्याची नोटीस घेऊन पडवीत बसलेला असायचाच. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीने, बायने, वकील शोधायचं काम मला सांगितलं यात नवल नव्हतं. नवल वाटलं ते घटस्फोट हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचं. घटस्फोटाचा कायदा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्या घरात तो शब्द तोवर कुणी उच्चारला नव्हता.

बायचा नवरा मुंबईला गोदीत होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शिमग्याला त्याने तिला माहेरी आणून सोडलं. खोली मिळाली की नेतो, म्हणाला. खोली मिळाली, पण तिच्यात दुसरीच बाई राहू लागली. हे मुंबईहून येणारा प्रत्येक चाकरमानी सांगायचा. बायला कोणी तोंडावर सांगत नसे, पण तिला सगळं ठाऊक होतं. तीन वर्षं ती आमच्याकडे होती. पहाटे उठायची, माडांना पाणी लावायची, आणि घरात पाहुणा आला की मागच्या दारी जाऊन बसायची.

मग शेजारच्या गावातल्या मास्तरांनी बाबांना विचारलं. त्यांची बायको बाळंतपणात गेली होती, पदरात लहान मुलगा होता, त्याला त्यांची आई सांभाळायची. माणूस सरळ होता. "माझी सरकारी नोकरी," ते म्हणाले. "पयलो घोव जिवंत आसताना तसाच लगीन केलंय तर तुमका नि माका दोघांकय जड जातला. कोर्टाचो कागद होऊ दे, मी तयार आसंय." ते गेल्यावर बाय चुलीपुढून उठून बाहेर आली आणि मला म्हणाली, "घटस्फोटाचो वकील खंय गावता रे?"

मला माहीत नव्हतं, पण तसं म्हणवलं नाही.

मालवणात मी ज्यांच्याकडे गेलो ते वकील जमिनीचे दावे चालवत. त्यांनी मला उभ्यानेच ऐकून घेतलं. "असल्या केशी माझ्याकडे येत नाहीत," ते म्हणाले. "आणि येऊही नयेत. बहिणीला चार माणसं घालून सासरी पोचव." बाहेर पडताना त्यांनीच मागून सांगितलं की हा अर्ज जिल्ह्याच्या कोर्टात, रत्नागिरीला करावा लागतो. माझं कॉलेजही रत्नागिरीलाच होतं, म्हणून मला थोडा धीर आला.

रत्नागिरीला कोर्टाच्या आवारात मी दोन दुपारी नुसत्याच पाट्या वाचत हिंडलो. आत जायचा धीर होत नव्हता. शेवटी एका वकिलांच्या कारकुनानेच हटकलं.

"काय काम?"

"घटस्फोटाचं," मी म्हणालो.

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मिसरूड तरी फुटू दे रे. लग्न कधी केलंस?"

"माझा नाही, बहिणीचा."

"मग बहिणीला आण. नवरा तिचा, गाऱ्हाणं तिचं, आणि पुढे तू?"

वकील वयस्क होते, जरा बहिरे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, आणि मालवणच्या अनुभवानंतर मला तेवढ्यानेच भरून आलं. मी वहीत लिहून घेऊ लागलो तर म्हणाले, "लिहू नकोस, ऐक." नवऱ्याने टाकलं म्हणून लगेच घटस्फोट मिळत नाही. टाकून सलग दोन वर्षं झाली असतील तर आधी कोर्टाकडून कायद्याने वेगळं राहण्याचा हुकूम घ्यायचा. त्या हुकुमानंतर दोन वर्षांत नवराबायको एकत्र आली नाहीत, तर मग घटस्फोट. त्यानंतरही वर्षभर दुसरं लग्न करता येत नाही. नवऱ्याने बाई ठेवल्याचं सिद्ध केलं तर मधली वाट टळेल, पण मुंबईहून कोण येऊन साक्ष देणार?

"तो सोडायला तयार आहे," मी म्हणालो. "काय ते करा, म्हणतो."

"तो तयार असून उपयोग नाही. दोघांनी मिळून संगनमत केलं असं दिसलं, तर कोर्ट अर्ज फेकून देईल." मग माझ्याकडे बघून त्यांनी आवाज मऊ केला. "तीन वर्षं टाकलीय म्हणतोस ना? मग पहिली पायरी तरी झाली. तिला घेऊन ये."

दिवाळीच्या सुट्टीनंतर बाय माझ्याबरोबर बोटीने रत्नागिरीला आली. पडावातून बोटीवर चढताना तिने माझा हात घट्ट धरला होता. वकिलांपुढे ती डोकीवरून पदर घेऊन बसली. ते विचारत होते, ती हळू आवाजात उत्तरं देत होती, आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मी ती मोठ्याने पुन्हा सांगत होतो.

"या तीन वर्षांत तुम्ही सासरी गेला होता का कधी?"

"गणपतीक गेललंय," बाय म्हणाली. "औंदाच."

वकिलांनी लेखणी खाली ठेवली. "कशाला?"

"ओवश्याक." सासूने निरोप धाडला होता. लग्न झालेल्या सुनेने गौरीच्या दिवशी सूप भरून सासरच्या गौरीपुढे ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. नवऱ्याशी बोलचाल नसली तरी ओवसा चुकवत नाहीत. सून आली नाही तर तोंड सासरचं काळं होतं. आईनेही तिला जा म्हटलं होतं. आमच्यापैकी कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"नवरा आला होता?"

"होय."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर जावं असं त्यांना वाटत असावं, पण मग तिचं बोलणं त्यांना कोण सांगणार? त्यांनी पुढचा प्रश्न खिडकीकडे बघत विचारला. बायने पदर आणखी पुढे ओढला. मग म्हणाली, "घर माणसांनी भरलला. सासू म्हणाली, माजघरात नीज. तो इलो. मी काय करतलंय?"

हे मी मोठ्याने सांगू शकलो नाही. पण वकिलांना कळलं होतं.

"म्हणजे मोजणी त्या गणपतीपासून नव्याने," ते म्हणाले. "कोर्ट म्हणणार, मोडलेला संसार पुन्हा जुळला, बायकोने नवऱ्याला माफ केलं. सगळ्या वाडीने तिला सूप घेऊन जाताना पाहिलंय."

"मी माफ करूक नाय," बाय म्हणाली. "गवरीक पाठ कशी दाखवतलंय?"

"ते मला समजतं, बाई. कायद्यात गौर नाही." त्यांनी बजावलं की यापुढे त्या घरात पाऊल टाकायचं नाही. सण असो, कार्य असो, मयत असो.

परत येताना तिने एकदाच विचारलं, "मास्तर थांबतले?"

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. बोटांवर हिशेब केला असावा, कारण ओठ हलत होते. "बघूया," म्हणाले. पण ते थांबले, हे मी सांगितलं पाहिजे. महिन्यातून एखाद्या रविवारी मुलाला घेऊन यायचे, बाबांशी माडाविषयी बोलायचे. मुलगा बायच्या मागे मागे मागच्या दारी जायचा. पुढच्या गणपतीला सासूचा निरोप आला, तेव्हा बायने अंग दुखतंय म्हणून कळवलं आणि दिवसभर अन्न घेतलं नाही.

त्या ओवश्यापासूनची दोन वर्षं भरायला थोडेच महिने उरले होते. मी परीक्षा देऊन घरी होतो. सासरच्या वाडीतला एक माणूस सांगायला आला की म्हातारीने अंथरूण धरलंय, बोलत नाही, नुसती सुनेचं नाव घेते. मुलगा मुंबईहून निघालाय.

त्या घरात बायशी कोण चांगलं वागलं असेल तर ती म्हातारीच. पोराने टाकलेल्या सुनेसाठी तिने दर हंगामात सुके बांगडे धाडले होते.

बाय उंबऱ्यावर बसली. मग मला विचारलं, "मी गेलंय तर पुना पयल्यापासून?"

वकिलांना विचारून बघतो, असं मला म्हणता आलं असतं. कदाचित काही वाट निघालीही असती. पण नवरा येणार होता, म्हातारीचं काही झालं तर ही निदान बाराव्यापर्यंत तिथेच राहणार होती, आणि त्या घरात तिच्या बाजूने साक्ष देणारं कोणीच उरणार नव्हतं.

"होय," मी म्हणालो.

तिने लुगडं बदललं, पिशवीत दोन कपडे घातले आणि त्या माणसाबरोबर गेली. ती परत आली तेरा दिवसांनी, म्हातारीचं बारावं आटपून, एकटीच. तिथे काय झालं ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मास्तरांना मीच जाऊन सांगितलं. ते शाळेच्या पायरीवर बसले होते. "बरा केल्यान," ते म्हणाले. "न्हायतर ती तीच रवली नसती." मग म्हणाले, "पण माझ्या आवशीचा काय करू? पोराक सांभाळून तीय थकली."

त्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर त्यांनी आरोंद्याची मुलगी केली. लग्नाचं बोलावणं आमच्याकडे आलं होतं. रत्नागिरीच्या वकिलांकडे मी पुन्हा गेलो नाही, आणि बायनेही कधी जायला सांगितलं नाही.