शुद्ध उच्चारांचं गाऱ्हाणं

सांगायला लाज वाटते, पण चहा तुम्ही पाजताय म्हणून सांगतो. मी देवासमोर उभं राहून अख्ख्या वाडीचं वाटोळं मागितलं. तेही अगदी शुद्ध उच्चारांत!

मी महाडला भाषणाचे वर्ग घेतो. कुणी 'पाणी'चं 'पानी' केलं की माझं डोकं फिरतं. आमची वाडी मात्र उमरठच्या पुढे, डोंगरात. तिथे शिमग्याला पालखी उठण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि तो मान आमच्या घराचा. एकाने मागायचं, तो थांबला की सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. यंदा ऐन वेळी काकांचा घसा बसला.

"मास्तर, तूच घाल रे," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "पन बिघडवलास तर मान जाईल दुसऱ्या घरात."

"काका, निर्धास्त राहा. यंदा देवालाही नीट ऐकू येईल!"

काय हा माज! मी खणखणीत सुरुवात केली. "आमच्या गुरांना रोगराई होऊ..." 'नये' ठसठशीत यावं म्हणून जरा थांबलो.

"व्हय म्हाराजा!"

अहो, 'नये' तोंडातच राहिलं की! घाबरून पुढची मागणी घेतली, पण थांबायची वर्गातली सवय काही जाईना. "मुंबईकरांच्या नोकऱ्या जाऊ..."

"व्हय म्हाराजा!"

"अरे ए मास्तर!" मुंबईहून आलेला चुलतभाऊ किंचाळला. "माझी नोकरी हाय ना ती!"

"थांबतोस कशाला रे मुडद्या?" काकी ओरडली. "एका दमात बोल!"

मग मी सुटलोच. आजारपण, पीकपाणी, पोरींची लग्नं, एकेक मागणी एका श्वासात. आणि खरं सांगतो, माझ्याच तोंडात 'नाही'चं 'नाय' झालं! 'आहे'चं 'हाय' झालं, 'महाराजा'चा 'म्हाराजा' झाला. मी मुद्दाम काही केलं नव्हतं हो! मागणी लांब, श्वास अपुरा, म्हणून जिभेने आपली जवळची वाट धरली. अंगावर काटा आला माझ्या. किती पिढ्यांनी असंच दमात, घाईत, देवाला हाका मारत हे शब्द गुळगुळीत केले असतील? आणि मी त्यांना चूक म्हणत होतो! आता लोकांचा होकार कसा नेमका ठेक्यात पडत होता. माझंच तोंड मी थक्क होऊन ऐकत राहिलो.

गाऱ्हाणं संपलं. मी ऐटीत काकांकडे पाहिलं. राहिला ना मान?

काका तसेच पुढे झाले, हात जोडले आणि बसलेल्या घशाने म्हणाले, "देवा म्हाराजा, आमचा मास्तर सुरवातीला जे काय बोलला, ते तू आयकलंच नाय असं समज रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गाऱ्हान्याचा मान आमच्याच घरात ऱ्हाव दे. आनि माझा घसा लवकर बरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

एवढ्या जोरात आमची वाडी कधी ओरडली नव्हती. आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता.