मामांचा कोरियन चित्रकार

आदिलाबाद जिल्ह्यात कोरियन चित्रकलेचे जाणकार आजवर एकच होऊन गेले, ते म्हणजे माझे मामा. दुसऱ्याची गरज जिल्ह्याला कधी भासली नाही, कारण पहिल्यानंच लोकांच्या नाकी नऊ आणले होते. तहसील कचेरीत ते नक्शानवीस होते, म्हणजे गावोगावचे नकाशे काढणारे. मी त्याच कचेरीत कारकून, आणि राहायलाही त्यांच्याच घरी. त्यामुळे हा विषय ऐकून घेण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता.

ही विद्या मामांनी कॉलेजात घेतलेली नव्हती. निजामाचं राज्य जाऊन आम्ही हिंदुस्थानात आलो, तसे मामा फौजेच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला लागले. पुढे कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांच्या देखरेखीला आपली माणसं गेली, त्यांत हेही गेले. तिथल्या छावणीत त्यांना हा चित्रकार भेटला. उत्तरेकडच्या खेड्यातला, शहरात शिकून शाळेत चित्रकला शिकवणारा, लढाईत ओढला गेलेला आणि दक्षिणेत पकडलेला. त्याचं नाव मामांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते त्याला ‘आपला भाऊ’ म्हणत. दोघांमध्ये मिळून इंग्रजीचे वीस-पंचवीस शब्द असतील नसतील, पण तेवढ्या भांडवलावर मामा त्याची अख्खी बखर सांगत. भाऊ शेगडीची काजळी खरवडून शाई करी, घोड्याच्या शेपटीचा कुंचला बांधी आणि रसदीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर एकच एक चित्र काढी: घरच्या अंगणातली रांजणांची रांग. भाज्या मिठात घालून अशा रांजणांत ठेवायची त्यांच्याकडे रीत असते म्हणे. हे रांजण आईच्या हातचे होते आणि आई उत्तरेतच राहिली होती. दर चित्रात रांजण एका कोपऱ्यात आणि बाकीचा अर्धा पुठ्ठा कोरा.

फौज सोडून मामा कचेरीत लागले, पण तिथून उचलून आणलं ते नेमकं हे कोरेपण. मामींनी सणाला दारात रांगोळी घातली की हे निम्मी पुसून टाकत आणि लांब उभं राहून मान डोलावत. घराला चुना द्यायला काढला तर दोन भिंतींवर थांबले. शाईसाठी ते मामींच्या भांड्यांची काजळी खरवडून नेत, एवढा एकच उद्योग मामींना पसंत होता. शेजारची बकरी मात्र त्यांना पाहिलं की दावं तोडायला बघे, कारण कुंचल्यासाठी तिची दाढी दोनदा गेली होती. कचेरीतही तेच. एकदा त्यांनी एका गावचा नकाशा सादर केला, त्यात ओढा होता, पांदण होती, देऊळ होतं, आणि पूर्वेकडची सगळी शेतं गायब.

‘‘आधा गाँव किधर गया?’’ तहसीलदार ओरडले.

‘‘कोरं सोडलं, साहेब,’’ मामा शांतपणे म्हणाले. ‘‘नजरेले बसाले जागा पायजे.’’

साहेबांनी तो नकाशा तीनदा काढायला लावला. तिसऱ्या वेळी मामांनी शेतं दाखवली, पण अशा चेहऱ्यानं, की जणू कुणी त्यांना ताटात सांडलेलं उचलून खायला लावलं आहे.

या सगळ्या गमतीच्या तळाशी एक गोष्ट होती, ती मामा क्वचित सांगत. छावणीत प्रत्येक कैद्याला एका तंबूत नेऊन विचारायचे, कुणीकडे जातोस? तंबूला दारं दोन: एका दारानं बाहेर पडला तर आपल्या मुलखात, दुसऱ्यानं पडला तर मुलूख कायमचा सुटला. भाऊ महिनाभर मामांना विचारत होता, काय करू? परतलो तर पकडला गेलो म्हणून तिथं संशय, न परतलो तर आई कायमची दुरावली. भाऊची पाळी आली तेव्हा मामा बाहेरच उभे होते. तेवढ्यात कुणी चक्कर येऊन पडला म्हणून त्यांना हाक आली. ते परत आले तोवर तंबू रिकामा झाला होता. भाऊ कुठल्या दारानं गेला, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग राज्यांची फेररचना आली. हैद्राबाद राज्याचे तुकडे पडायचे ठरले. आदिलाबाद आंध्रात राहणार आणि आमच्याच जिल्ह्यातला किनवट तालुका मुंबई राज्यात जाणार. मराठी नोकरदारांना कागद मिळाला: इकडे राहता की तिकडे जाता, लिहून द्या. कचेरीत सगळ्यांनी लिहून दिलं. मामांचा कागद कोराच.

‘‘अवो, तिकडं माह्या भावाचं घर हाय, पोरीची शाळा मराठीच राहीन,’’ मामी म्हणाल्या. ‘‘काऊन अडून बसले?’’

मामांचं जेवण कमी झालं, बकरीही निर्धास्त झाली. मला त्यांची काळजी वाटायला लागली. मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा ते एकाएकी म्हणाले, ‘‘चाल, गावाकडं जाऊ.’’

गुडीहत्नूरच्या अलीकडे आमच्या आजीचं शेत. वडील गेल्यापासून माझी आईही तिथंच राहायची. कापसाची वेचणी चालली होती. आजी ओटीत कापूस भरत होती. मामा तिच्यासमोर उभे राहिले.

‘‘माय, सरकार इचारून राह्यलं, मी इकडं राहू का तिकडं जाऊ?’’

‘‘सरकारनं मले त नाही इचारलं,’’ आजी म्हणाली.

‘‘म्हनून त मी इचारून राह्यलो.’’

आजीनं आणखी दोन बोंडं वेचली. ‘‘राहत अशीन त उद्या पोतं घेऊन ये. वेचनारे कमी हायेत.’’

मामा तिथंच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला म्हणाले, ‘‘भाऊले त्याच्या मायले इचारताच नाही आलं रे. जाताच येत नोतं तिच्यापर्यंत.’’ मग डोळे पुसून त्यांनी खिशातून कागद काढला आणि माझ्या पाठीवर ठेवून ‘इकडे’ असं लिहिलं. मामी पुढे चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी बोलल्या. मामा उतारवयात तेलुगू शिकले आणि तिथल्याच मातीत गेले.

पण त्या दुपारचं मला आठवतं ते निराळंच. माझी आई कापसाच्या दोन ओळी पलीकडे वेचत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिकडे, नांदेडला, जातो म्हणून मी तिला न विचारताच आठ दिवसांपूर्वी लिहून दिलं होतं, आणि ते तिला आत्ता, मामांच्या पाठोपाठ, सांगावं लागलं.

तिनं हातातलं बोंड ओटीत टाकलं. ‘‘जेवनाचं कसं करशीन?’’ एवढंच म्हणाली.

‘‘खानावळ हाय.’’

‘‘बरं,’’ म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळली. मामांना सगळा गाव अर्धवट म्हणे, मीही हसलो होतो. त्यांच्याएवढं शहाणं व्हायची माझी फार इच्छा झाली, पण आठ दिवस उशीर झाला होता.