परसातली त्रेचाळीस पाखरं

माझ्या सासऱ्यांचं नाव चुडामण. कागद आहे म्हणून लिहिलं. तोंडानं मी ते कधी घेतलं नाही. देवपुरात लहानथोर त्यांना आबा म्हणत, मीही आबाच म्हणे. पांझरा नदीच्या या काठाला आमचं शिंप्याचं दुकान, दुकानामागे घर आणि घरामागे परस. परस म्हणजे फार काही नाही. एक लिंबू, दोन पेरू, एक शेवगा, कडेनं जास्वंदी आणि मधे पाण्याचं मातीचं परळ. एवढ्याशा जागेवर आबांचा जीव होता, आणि तिच्यापायीच त्यांनी आपला एकुलता एक दोस्त दोन वर्षं घालवला होता. तो परत कसा मिळाला, ते सांगायचं आहे.

मी सावद्याची, केळीच्या मुलखातली. आमच्याकडे बागेत पाखरू उतरलं की माणूस हाताला येईल ते भिरकावतो. १९२९ साली लग्न होऊन देवपुरात आले, तर पहिल्याच सकाळी सासरे परसात खाटेवर बसून पाखरं मोजताना दिसले. मनात म्हटलं, बाई, वडिलांनी स्थळ नीट पारखून घेतलेलं दिसत नाही.

त्याची सुरुवात माझ्या येण्याआधीची. सासूबाई गेल्या आणि आबांचं दुकानात लक्ष लागेना. त्या दिवसांत लिंबाच्या झाडावर एका इवल्याशा पाखरानं दोन पानं कडेला कडा जुळवून शिवली आणि आत घरटं केलं. आबांनी ते जवळ जाऊन बघितलं, आणि चाळीस वर्षं कापड शिवलेला माणूस तिथंच उभा राहिला. टाका बघून आपण शिकाऊ आहोत असं वाटलं, असं ते मला सांगत. दुसऱ्या दिवशी ते पाखरू परत आलं का बघायला गेले, तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आणखी कोण कोण येतं ते बघायला. मग दुकानातलं मशीन त्यांनी मुलाकडे, म्हणजे ह्यांच्याकडे सोपवलं, स्वतःकडे फक्त काजं-बटणं ठेवली, आणि सकाळ परसाला दिली.

मोजायची रीत त्यांचीच. अक्षरओळख बेताची, म्हणून वही नव्हती. कापड गिरणीचा दुसरा भोंगा झाला की मोजणी संपे, आणि मग मांडीवर उरलेल्या कापडाची पट्टी घेऊन ते त्या दिवसाची ओळ शिवायला बसत. एका पाखराला धावदोऱ्याचा एक टाका. चिमणीला तपकिरी दोरा, साळुंकीला पिवळा, राघूला हिरवा, कावळ्याला काळा, आणि पानं शिवणाऱ्या त्या इवल्याला लाल. पाच सुया लागत. एकदा मोजलेलं पाखरू परत मोजलं जात नाही ना, असं मी विचारलं, तर म्हणाले, रोजचं गिऱ्हाईक मला चेहऱ्यानं ओळखू येतं. मी हसले, पण ओळ मात्र रोज चाळीसच्या आसपासच भरे.

दोस्त म्हणजे शेजारचे रतिलालभाऊ. कुंपणापलीकडे त्यांची इंजिनवर चालणारी पिठाची चक्की. आबा हाडकुळे आणि मोजकं बोलणारे. रतिलालभाऊ नखशिखान्त पिठानं माखलेले आणि दिवसभर इंजिनशी स्पर्धा केल्यासारखे मोठ्यानं बोलणारे. लहानपणी दोघं एकाच डोहात पोहायला शिकले. संध्याकाळी चक्की बंद झाली की रतिलालभाऊ आमच्या ओट्यावर येत, आबा पट्टी दाखवत, आणि ते न चुकता म्हणत की तुझ्या पाखरांनी माझ्याकडे एक पायली तरी दळायला आणावी.

मग पाखरं कमी होऊ लागली. आधी चाळीसची तीस झाली, पुढच्या वर्षी वीस. आबा परसात बसून कान देत आणि चिडत. चिवचिवाट तर ऐकू येई, पाखरू दिसत नसे. त्यावर त्यांनी आपल्या डोक्यानं निवाडा केला. पाखरं पलीकडे आहेत, आवाज तिकडून येतो, आणि रतिलालनं चक्कीतले सांडलेले दाणे टाकून ती फोडली आहेत. मी म्हटलं, आबा, फोडायला ती काय म्युनिसिपालटीची मतं आहेत का. त्यांना ते रुचलं नाही. ओट्यावरची बैठक मोडली. चौकात चार माणसांत त्यांनी रतिलालभाऊंना पाखरांचा चोर म्हटलं. माणसं हसली, आणि ते हसणं रतिलालभाऊंना फार लागलं. त्यांनीही बोलणं टाकलं. दोन वर्षं दोघं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहिले. आबा जेवण टाकून उठू लागले, संध्याकाळी ओट्याकडे पाठ करून बसू लागले. दोस्ताविना माणूस कसा वाळत जातो ते मी रोज बघत होते.

आता माझंही सांगते, कारण लपवून काय करायचं. पाचही सुया रोज मीच ओवून देत होते. आबांची काजं तिरकी येऊ लागली तेव्हा मी दुपारी गुपचूप उसवून ती परत करत होते, गिऱ्हाईक बोलू नये म्हणून. वयाचं असतं, असं म्हणून सोडून दिलं. मोजणीच्या वेळी मी चुलीशी असे, परसात किती पाखरं उतरतात ते स्वतः कधी बघितलं नाही. एवढं सगळं माझ्या हातांखालून गेलं आणि माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

उजेड पडला तो रतिलालभाऊंच्या डोक्यात. १९३५च्या थंडीत ते इरेला पेटले. पाखरांचा चोर म्हणतो काय, मग मीच मोजतो. आठ दिवस रोज सकाळी इंजिन उशिरा लावून ते कुंपणाशी उभे राहिले आणि आमच्या परसात उतरणाऱ्या प्रत्येक पाखरासाठी चक्कीच्या भिंतीवर कोळशाची रेघ ओढली. आठव्या दिवशी एकट्या त्या सकाळच्या त्रेचाळीस रेघा झाल्या. तशाच पिठाच्या अंगानं ते भांडायला आमच्या मागच्या दारी आले. चौकातलं सगळं व्याजासकट फेडायला आलेत, हे तोंडावर दिसत होतं.

आबा खाटेवर बसले होते. त्यांच्या पायांपासून दोन हातांवर परळावर चिमण्यांची झुंबड उडाली होती, पाणी आबांच्या धोतरावर उडत होतं. आबा सरळ त्या परळाकडे बघत होते. पावलं ऐकून त्यांना वाटलं, मीच आले. म्हणाले, "आज येक बी पाखरू उनं नही."

एकही पाखरू आलं नाही, हे ऐकून रतिलालभाऊंचं भांडायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. त्यांनी चिमण्यांकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि मला हातानं खूण करून बोळात बोलावलं. एरवी इंजिनवर आवाज चढवणारा हा माणूस इतकं हळू बोलला की मला पुढं वाकावं लागलं.

"कमल, चुडामणले दिखत नही व."

आबांना ते सांगायचं कसं, हा प्रश्न होता. शिंप्याला तुझे डोळे गेले म्हणणं म्हणजे त्याचे हातच काढून घेणं. शेवटी मी दोन वर्षांच्या पट्ट्या आणून त्यांच्या मांडीवर ठेवल्या आणि बोटानं बघा म्हटलं. बोटं अजून शाबूत होती. ओळी लांड्या होत गेलेल्या त्यांनी चाचपून बघितल्या. मग मी रंग सांगितले. आधी लाल टाके संपलेले, म्हणजे ते सगळ्यात लहान पाखरू. मग तपकिरी, चिमण्यांचे. मग पिवळे, मग हिरवे. शेवटच्या महिन्यात नुसते काळे, कावळ्यांचे. लहानापासून मोठ्यापर्यंत पाखरं अशी रांगेनं कोणी फोडत नाही, आबा, एवढंच मी म्हटलं. रतिलालभाऊंनी चक्कीच्या भिंतीवर रेघा ओढून मोजल्याचंही सांगितलं. मग रतिलालच्या भिंतीवर किती, असं त्यांनी विचारलं. मी त्रेचाळीस सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"दोन वरीस मी त्याले काय काय बोलनू," ते म्हणाले.

डोळे जाण्यापेक्षा त्यांना ते जास्त झोंबलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं तर नको म्हणाले, माझी हीच शिक्षा आहे म्हणाले. तेव्हा रतिलालभाऊंनी चक्कीला कुलूप घातलं, बैलगाडी दारात आणली आणि आबांचा दंड धरून त्यांना आत बसवलं. नदी ओलांडून सरकारी दवाखान्यात जाईपर्यंत दोघं एकमेकांना टेकून बसले होते, असं गाडीवानानं मागाहून सांगितलं.

डॉक्टरांनी मोतीबिंदू पुरता पिकलाय म्हणून सांगितलं आणि एका डोळ्याचा काढला. त्या काळी डोळा कापल्यावर दहा दिवस मान हलवायची नाही, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोळ्यांवर पट्टी. ते दहा दिवस रतिलालभाऊ सकाळी आमच्या परसात मोजणी करत आणि मग नदीपार जाऊन ती आबांना ऐकवत. त्यांना पाखरांची नावं येत नव्हती. डोक्यावर शेंडी असलेली चार, शेपटी वर करून भांडणारी दोन, आणि एक कोण ती आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीसारखी चालणारी. आबांना हसू आवरेना आणि हसायची तर बंदी. नर्सबाईनं दोनदा रतिलालभाऊंना बाहेर काढलं. ते तिसऱ्यांदा आत गेले.

देवानं मला बरंच दिलं, पण त्या माणसाचे उपकार मी कशात मांडू. ज्याला चौकात चोर म्हटलं तो भांडायला आला आणि भांडायचं विसरून गेला. आमच्या घरात मी होते, हे होते, डोळस. बघितलं त्यानं.

सव्वा महिन्यानं चष्मा आला, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा. सकाळीच ह्यांनी आबांना परसात आणून खाटेवर बसवलं. रतिलालभाऊ उजाडायच्या आधीपासून येऊन बसले होते. पसाभर ज्वारी टाकून त्यांनी परळाभोवती पाखरांचा बाजार भरवून ठेवला होता. मी आबांच्या कानांवर चष्म्याच्या काड्या नीट बसवल्या. आम्ही सगळे वाट बघत होतो की आता आबा मोजतील.

आबांनी परळाकडे बघितलंच नाही. मान वळवून ते शेजारी बसलेल्या रतिलालभाऊंच्या तोंडाकडे बघत राहिले. पिठानं नव्हे, वयानं पांढऱ्या झालेल्या भुवया, बसलेले गाल, पडलेले दोन दात. हात पुढं करून त्यांनी तो गाल चाचपला.

"रतिलाल, तू इतला म्हतारा कव्हय व्हयना रे?"

"तू पाखरे मोजी राहिंता तव्हय," रतिलालभाऊ म्हणाले.

आबांनी त्यांचा हात धरला तो कापड गिरणीचा दुसरा भोंगा होऊन गेला तरी सोडला नाही.