पांढरं खाद्य आणि टेकडीवरचा पाला

छ्यू मावशी चीनमधल्या आमच्या दाल्येनच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायची. सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, तोंडानं फटकळ. तिचा नवरा जन्मभर रंगाच्या कारखान्यात राबला आणि गेला तेव्हाही त्याच्या नखांत निळा रंग होता, असं ती सांगे. "तुमचे रंग ना नखाला लागत, ना डोळ्याला दिसत. कसले मेले रंग!" म्हणत ती पिंजरे उचलायची.

दिसत नाहीत हे खरंच. पीएच.डी. करणारी तोंग यान पाच वर्षं ज्या रंगामागे झिजत होती, तो तांबड्याच्याही पलीकडच्या उजेडात चमकायचा. हा उजेड कातडीतून बाहेर येतो, पण तो बघायला माझ्या ताब्यातली काळी पेटी आणि तिच्यातला कॅमेरा लागतो. याननं रेणूची मधली साखळी ताठ केली होती, टोकांना पाण्यात विरघळणारे गट जोडले होते. रंगानं कर्करोगाच्या गाठीला धरून बसावं आणि उरलेल्यानं लघवीवाटे निघून जावं, एवढंच तिला हवं होतं. मग ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला गाठ तेवढी दिसली असती.

पण महिन्याभरात दोनदा उंदरांची पोटं उजळली. म्हणजे रंग यकृतातून आतड्यात उतरतोय, रचनाच फसली. प्रयोगशाळेचे प्रमुख वेई सर यांनी बजावलं होतं, "तिसऱ्यांदा पोट दिसलं तर हा रंग बंद. नवा विषय घ्यायचा." नव्या विषयाला तीन वर्षं लागली असती, आणि विद्यापीठ यानला एकच वर्ष देणार होतं.

एप्रिलमधल्या त्या दुपारी तिसरी चाचणी झाली. रंग न टोचलेला उंदीर काळाकुट्ट दिसला. आदल्या दिवशी टोचलेल्या चारही उंदरांची पोटं लख्ख. यानच्या तोंडचं पाणी पळालं. "चारच्या बैठकीत सांगून टाकू," म्हणत सर निघाले आणि ती खाली मान घालून त्यांच्या मागून गेली.

मावशी पिंजरे न्यायला आली. "तोंड असं का गं? कोण गेलं?"

"यानचा रंग गेला," मी म्हणाले. मला चीड आली की मी समोर येईल त्याच्यावर ओरडते. "पोट चमकतंय! आठ दिवस पांढऱ्या गोळ्या चारून काय उपयोग?"

"त्या नुसत्या पिठाच्या गोळ्याच का चारायच्या म्हणे?"

"नेहमीच्या खाद्यात सुकं गवत असतं. हिरवा पाला या कॅमेऱ्यात चमकतो, मावशी. रंगासारखाच."

मावशीनं हातातला पिंजरा हळूच खाली ठेवला.

"टोचलेली बिचारी कोपऱ्यात बसतात गं," ती म्हणाली. "गोळ्यांना तोंड लावत नाहीत. न टोचलेला बरा खात होता."

"काय दिलंत तुम्ही?"

उंदीरघरात बाहेरचं काडीभर जरी आणलं तरी नोकरी जाते, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. चाराला वीस मिनिटं कमी होती.

"सांगितलं तर मला काढतील?"

"आजच्या आज."

"आणि गप्प बसले तर?"

"यान संपली."

खरं सांगते, त्या क्षणी मला मावशीकडे बघवेना. तिनं पिशवीतून जेवणाचा डबा काढला. आत उकडलेलं अंडं, सोयाची चटणी आणि फोफोतिंगची पानं. वसंतात सगळं दाल्येन टेकडीवर जाऊन हा कडू पाला खुडतं. एक पान तिनं बाहीला पुसलं आणि माझ्या पेटीत ठेवलं. "काढ फोटो."

पडद्यावर पान शीर न् शीर उजळलं.

छापलेला कागद घेऊन ती रबरी बूट घालूनच बैठकीत शिरली, मागोमाग मी. "सर, हे माझ्या डब्यातलं पान. याला कुणी रंग टोचलेला नाही. टोचलेल्या उंदरांना मी हेच खायला घातलं. तिन्ही वेळा."

सरांनी कागद पाहिला, मग मावशीला पाहिलं. यान हुंदका देऊन रडायला लागली.

रंगाला आणखी एक संधी मिळाली. संध्याकाळी मावशीकडून दाराचं कार्ड काढून घेतलं. मी सरांवर भडकले, पण खरा राग माझाच मला आला होता. उंदीरघराच्या दारावरच्या पाटीवर 'फक्त पांढरं खाद्य' एवढंच होतं. का, ते सांगायचं काम माझं होतं. तीन वर्षांत मी ते सांगितलं नव्हतं.

बारा दिवसांनी नवा फोटो आला. उंदराच्या खांद्यावर, गाठीच्या जागी, एक ठिपका. बाकी सगळं काळं. तो घेऊन आम्ही दोघी मावशीच्या घरी गेलो. ती दारात बसून पाला निवडत होती. तिनं हात पुसले आणि कागद लांब धरून बराच वेळ पाहिला.

"बघा ना मावशी," यान म्हणाली, "पोट किती काळं आलंय!"

"हो गं बाई," मावशी म्हणाली. "म्हणजे जेवतच नाहीत का ती बिचारी अजून?"